राउटर माजघरात हवा!

घर बांधायला काढले की आपल्याकडे देवघर कोणत्या दिशेला, चूल कोणत्या कोपऱ्यात, पाण्याचा हौद कुठे, तुळस कुठे, यावर थोरामोठ्यांचा चार-चार दिवस खल चालतो. पण ज्या एका पेटीवाचून आज मुलांचा अभ्यास, वडिलांचे पैशांचे व्यवहार, आईचे माहेरच्या माणसांशी बोलणे आणि आम्हां तरुणांचा खेळ यांपैकी काहीच धड चालत नाही, त्या पेटीची जागा कोण ठरवतो? जोडणी करायला आलेला माणूस! तो ज्या खिडकीतून तार आत घेतो, तिच्याशेजारीच एक खिळा ठोकतो, पेटी टांगतो, सही घेतो आणि निघून जातो. पुढे कित्येक वर्षे ती पेटी तिथेच लोंबत राहते. कुणी तिला हलवीत नाही, कारण ती हलवता येते हेच कुणाच्या मनात येत नाही.

घरचे वायफाय दुबळे आहे, खेळताना अडखळते, मध्येच तुटते, ही आज घरोघरची तक्रार आहे. माझे मत असे की, या दुबळेपणाचे मूळ पुष्कळदा बाहेरच्या तारेत नसते, घराच्या मांडणीत असते. ही मांडणी सुधारायला पैशापेक्षा विचार अधिक लागतो.

विषय क्षुल्लक वाटेल, याची मला कल्पना आहे. वार्षिकांकात वैचारिक लेख म्हणजे हुंडा, बेकारी, पर्यावरण, फार तर भ्रष्टाचार! त्यात 'ऑनलाइन खेळ' हा शब्द आला की प्राध्यापकवर्गाच्या कपाळाला आठी पडणार. परंतु विषय घरातला असला म्हणजे तो लहान असतोच असे नाही.

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील, म्हणजे आमचे अण्णा, गवंडीकाम करतात. आई शिवणकाम करते. घर सातारा जिल्ह्यातल्या एका गावातले, आजोबांच्या हातचे. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून नंतर काढलेली पत्र्याची खोली. जुन्या भिंती दगड-मातीच्या, दीड हात जाडीच्या. राउटर अर्थातच सोप्यात. तिथे टीव्ही, तिथे पाहुणे, तिथे अण्णा आणि दादा. मागच्या खोलीत मी, माझी पुस्तके आणि आईचे शिवणयंत्र. रात्री जेवणे आणि भांडी आटोपली की नऊ ते दहा मी तीन मैत्रिणींबरोबर बीजीएमआय खेळते. या खेळात चौघींचा एक चमू असतो. एकीचे नेट गडगडले तर उरलेल्या तिघी उघड्या पडतात. नेट माझेच गडगडे, आणि 'ही ऐन वेळी पळून जाते' असा बोल मला लागे.

यावर घरात जो उपाय झाला, तो बहुतेक घरांत होतो. दादाने चौकशी केली, समोरून सल्ला मिळाला की मोठा प्लॅन घ्या. ४० एमबीपीएसचे १०० एमबीपीएस झाले, महिन्याचा खर्च वाढला. सोप्यातला टीव्ही आधीही नीट चालत होता, नंतरही नीट चालला. मागच्या खोलीतला खेळ आधीही अडखळत होता, नंतरही अडखळला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशातला हा प्रकार!

असे का व्हावे? कारण 'वेग' या एकाच शब्दाखाली आपण दोन निराळ्या गोष्टी कोंबतो. एस.टी.चे उदाहरण घ्या. गाडीत किती उतारू मावतात ही एक गोष्ट, आणि गाडी इथून निघून तिथे किती वेळात पोहोचते ही दुसरी. प्लॅनवरचा एमबीपीएसचा आकडा हा आसनसंख्येसारखा आहे. चित्रपट पाहायचा तर पुष्कळ माल एकदम वाहून न्यावा लागतो, तिथे तो कामी येतो. खेळाचे तसे नाही. खेळात चित्रे आधीच फोनमध्ये असतात. तारेवरून जातात ते केवळ छोटे छोटे निरोप. मी डावीकडे वळले, मी गोळी झाडली, समोरचा खाली बसला. पुष्कळसे खेळ तासाभरात शंभर एमबीच्या आसपासच डेटा वापरतात; तेवढा वेळ चांगल्या प्रतीचा व्हिडिओ पाहिला तर त्याच्या कितीतरी पट लागतो. म्हणून 'ही खेळते, त्यामुळे घरचे नेट संपते' हा आरोप बहुधा खोटा असतो. खेळाला आसने नकोत, वेळेवर सुटणारी गाडी हवी.

हा वेळ मिलिसेकंदांत मोजतात. एका सेकंदाचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मिलिसेकंद. निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळाला खेळणारी मंडळी 'पिंग' म्हणतात. त्यातला काही भाग निसर्गानेच ठरवून दिला आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे खेळाचा सर्व्हर सिंगापूरला असेल तर जाऊन-येऊन निदान ३९ मिलिसेकंद लागणारच. मग तुम्ही कितीही महागडा राउटर आणा. सर्व्हर मुंबईत असेल तर हाच काळ बराच घटतो. खेळाच्या सेटिंगमध्ये जवळचा सर्व्हर निवडणे एवढेच इथे आपल्या हाती. पण आमच्या मागच्या खोलीत पिंग कधी ४०, कधी ३५०, कधी तुटलेलेच! हे वरचे तीनशे मिलिसेकंद समुद्रात गेले नव्हते. ते सोपा आणि मागची खोली यांच्यामध्येच हरवत होते.

हे कसे ओळखायचे? सोपे आहे. खेळाच्या सर्व्हरऐवजी आपल्याच राउटरला हाक मारून पाहायची. राउटरचा पत्ता त्याच्या पोटावरच्या चिठ्ठीवर असतो, पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा. फोनवर पिंग मोजणारे मोफत ॲप मिळते. राउटरपाशी बसून मोजले तर उत्तर काही मिलिसेकंदांत येते. तेच दुबळ्या खोलीत बसून मोजावे. तिथे आकडा उड्या मारू लागला तर दोष घरात आहे, आणि घरातला दोष घरच्यांनाच काढता येतो. आकडा स्थिर असून खेळ तरीही अडखळत असेल, तरच बाहेर तक्रार करावी. निदान न करता औषध घ्यायचे नाही, हे आपण वैद्याच्या बाबतीत मानतो. मग इथेच का मानू नये?

घरात वेळ हरवण्याच्या मुख्यतः तीन जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे भिंत. वायफाय म्हणजे रेडिओलहरी. बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाच गिगाहर्ट्झची लहर अधिक माल वाहते, तिच्या वाटेवर गर्दीही कमी. परंतु भिंतीपुढे ती लवकर हात टेकते. २.४ची लहर भिंतीतून थोडी अधिक शिरते, पण तिच्या वाटेवर शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ, इतकेच काय, मायक्रोवेव्ह भट्टीही येते. जाड दगडी भिंत, भिंतीतला ओलावा, पाण्याची टाकी या गोष्टी लहर पिऊन टाकतात. पोलादी कपाट आणि पत्रा तिला परतवून लावतात. मी हे अण्णांना सांगितले तेव्हा त्यांना जराही आश्चर्य वाटले नाही. ते म्हणाले, "अगं, भिंत ऊन अडवते, आवाज अडवते, ती हे तरी कशाला सोडेल?" ज्यांनी आयुष्यभर भिंती बांधल्या, त्यांना ही गोष्ट पुस्तकावाचून कळली.

दुसरी जागा म्हणजे पाळी. एका वाहिनीवर एका वेळी एकालाच बोलता येते, असा वायफायचा मूळ नियम आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरच्या यंत्रांना एकाच रेडिओवाहिनीवरून बोलायला लावले. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही निरोप वाया जात. मग प्रत्येकाने थोडे थांबून पुन्हा बोलायचे. आजचे वायफाय त्याच कुळातले; फक्त ते बोलण्याआधी कानोसा घेते. दूर बसलेला, क्षीण लहर मिळालेला फोन हळूहळू बोलतो, आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत बाकीचे खोळंबतात. म्हणजे मागच्या खोलीतली दुर्बलता शेवटी सोप्यातल्यांनाही भोवतेच. शेजाऱ्याचा राउटर त्याच वाहिनीवर असेल तर त्याच्याही पाळीची वाट पाहावी लागते. २.४च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ या तीन वाहिन्या एकमेकींच्या अंगावर येत नाहीत. त्यांतली सर्वांत मोकळी निवडावी. २०१९ पासून आलेल्या सहाव्या पिढीच्या वायफायमध्ये अनेकांचे छोटे निरोप एकत्र नेण्याची सोय आहे, पण त्यासाठी राउटर आणि फोन दोन्ही नव्या पिढीचे हवेत.

तिसरी जागा म्हणजे रांग. दादाच्या फोनमधले दिवसभराचे फोटो रात्री आपोआप वर चढू लागले की राउटरच्या पोटात त्या फोटोंची लांबलचक रांग लागते. माझा एवढासा निरोप तिच्या शेपटाला उभा राहतो. या दुखण्याला जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाने २०१०-११ च्या सुमारास 'बफरब्लोट' हे नाव दिले. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग फुगू न देणारी 'कोडेल' ही रीत मांडली, आणि तिच्यात प्रत्येकाला पाळीपाळीने वाट देण्याची भर घालून झालेली रीत २०१८ मध्ये इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत आली. काही राउटरांत 'एसक्यूएम' या नावाने ही सोय असते. ती चालू करून वेगाची मर्यादा आपल्या खऱ्या वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवली की रांग आवरते. ज्यांच्या राउटरात ती नाही, त्यांनी फोटो चढवण्याची वेळ मध्यरात्रीची ठेवावी.

आता उपायांचा क्रम. आधी फुकटचे, मग स्वस्ताचे आणि अगदी शेवटी महागाचे, असा तो असावा. राउटर घराच्या मध्यावर आणावा. जमिनीवर ठेवू नये, छातीच्या वर उंचीवर ठेवावा. कपाटात, टीव्हीमागे, आरशाजवळ ठेवू नये. जवळ बसणाऱ्यांनी पाच गिगाहर्ट्झ वापरावे म्हणजे २.४ची वाट लांबच्यांना मोकळी होते. एवढ्याने भागले नाही तर तार! तारेसारखे औषध नाही. साधी कॅट-५ई तार शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिटचा वेग नेते, आणि तिला भिंतीची पर्वा नसते.

आमच्याकडे काचेची बारीक तार सोप्यातच येते. ती लांबवणे अवघड, आणि काटकोनात वाकवली तर निकामी व्हायची. म्हणून ती पेटी तिथेच ठेवली. अण्णांनी सोपा आणि माजघर यांमधल्या भिंतीला वर छताजवळ भोक पाडले, त्यातून तार माजघरात घेतली आणि तिथे मावशीकडचा जुना राउटर लावला. पत्ते वाटण्याचे काम मोठ्या पेटीकडेच ठेवले आणि जुन्याला फक्त लहर पसरवायला लावले. सारा खर्च एका महिन्याच्या रिचार्जहून कमी. मागच्या खोलीत राउटरचा पिंग आता दहाच्या आत राहतो. दादाने प्लॅन पुन्हा ४० वर आणला, आणि कुणालाच काही फरक जाणवला नाही.

बाजारात 'रिपीटर' नावाची वस्तू मिळते, तिच्याविषयी एक इशारा. जिथे लहर पोहोचत नाही तिथेच ती लावली तर ती तरी कसली पुनरुक्ती करणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! शिवाय साधा रिपीटर त्याच वाहिनीवर ऐकतो आणि त्याच वाहिनीवर पुन्हा सांगतो. त्यामुळे वाट निम्मी होते. तो वाटेच्या मध्यावर लावावा. तार टाकता येत असेल तर लावूच नये.

येथवर झाले यंत्राचे. पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे.

खेळणाऱ्या मुलांना जे सल्ले सर्रास मिळतात त्यांत एक असा असतो: खेळताना घरातल्या इतरांचे नेट बंद करा, किंवा राउटरात आपल्या फोनला सर्वांत वरचा मान द्या. मला हा सल्ला साफ अमान्य आहे. घरातले नेट हे सार्वजनिक नळासारखे आहे. दांडगटाने नळाला थेट नळी जोडावी आणि बाकीच्यांनी हंडे घेऊन उभे राहावे, हा न्याय नव्हे. आई सुरतच्या मामाशी व्हिडिओवर बोलत असताना माझ्या खेळासाठी तिचा चेहरा पडद्यावर गोठावा, असा विजय मला नको. वर सांगितलेली पाळीची रीत पंगतीसारखी आहे. ज्याला मोठे ताट हवे त्याला ते मिळते, पण ज्याला घोटभर पाणी हवे त्याला पंगत उठेपर्यंत ताटकळावे लागत नाही. सुधारायचे ते खेळणाऱ्याचे नेट नव्हे, घराचे नेट. घराचे सुधारले की खेळणाऱ्याचे आपोआप सुधारते.

आणि घराचे सुधारायचे म्हणजे घरातल्या जागांकडे नव्याने पाहायचे. सोपा पुढचा, मानाचा. म्हणून टीव्ही तिथे, पंखा तिथे, नवी खुर्ची तिथे आणि राउटरही तिथे. अभ्यास करणारी मुलगी, शिवणारी आई, आजारी आजी या मागे. पुढचे सारे चांगले आणि मागे जे झिरपेल ते, ही वाटणी कुणी दुष्टपणाने केली नाही; ती पडत गेली. लहरीला मानपान कळत नाही. तिला फक्त अंतर आणि भिंत कळते. ज्या खोलीत रेंज नाही तिथे कोण बसते, एवढे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे. उत्तर पुष्कळ घरांत सारखेच येईल, असे मला वाटते.

कुणी म्हणेल, खेळासाठी एवढा खटाटोप कशाला? खेळाने वेळ जातो हे खरे. तो क्रिकेटनेही जातो, आणि मर्यादा दोन्हींना हवी. पैसे लावून खेळायच्या खेळांचा प्रश्न निराळा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून त्यांवर बंदी घातली, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना मात्र मान्यता दिली. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-स्पोर्ट्समध्ये पदके दिली गेली. पण मी या मोठ्या गोष्टींचा आधार घेणार नाही. दिवसभराच्या कामानंतर तासभर मैत्रिणींशी हसतखेळत बोलावे, हा हक्क मुलांना पारावर आपोआप मिळतो. रात्री नऊनंतर आम्हांला पार नाही. आम्हांला तो फोनमध्येच आहे. शिवाय जी लहर खेळाला पुरते ती ऑनलाइन तासालाही पुरते, मुलाखतीलाही पुरते.

दुसरे कुणी म्हणेल, हे विज्ञान शाखेचे काम. कला शाखेच्या विद्यार्थिनीने यात का पडावे? यंत्र बनवणे त्यांचे काम असेल. पण ते घरात कुठे ठेवावे, त्याचा लाभ कुणाला मिळावा, हा प्रश्न समाजशास्त्राचा आणि अर्थशास्त्राचाही आहे. भूगोलाचे विद्यार्थी पावसाचे नकाशे काढतात; त्यांनी एका वस्तीतल्या घरांचे रेंजचे नकाशे काढावेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडतो, तसे एक दिवस दहा घरांतले राउटर तपासावेत. लागणारे साहित्य म्हणजे एक फोन, एक कागद, एक पेन्सिल. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अजून वायफाय नाही, फोनचा डेटा पुरवून वापरावा लागतो, याचे मला भान आहे. पण उद्या त्यांच्याही खिडकीतून तार आत येईल. त्या दिवशी खिळा ठोकणाऱ्या माणसाला 'थांबा, पेटी इथे नको, माजघरात हवी' असे सांगणारे कुणीतरी घरात असावे. ते शिकलेल्या मुलीने सांगितले तर तिच्या शिक्षणाचा घराला झालेला तो पहिला रोख उपयोग ठरेल.